माझ्या डाव्या पट्टीखालचे बूच

पाच महिन्यांत सेहेचाळीस नवी माणसे माझ्यावर उभी राहिली आणि त्यांतल्या अडतीस जणांचा उजवा पाय आखूड निघाला. मित्रांनो, हा आकडा वाचून तुमच्या भुवया वर गेल्या असतील. माझ्या गेल्या नाहीत. मला भुवया नाहीत हे खरे, पण असत्या तरी गेल्या नसत्या. वाकड्या वस्तूला आपण वाकडे आहोत हे आतून कळत नाही. ते बाहेरून कळते, आणि तेव्हा जो धक्का बसतो त्यातून मी अजून पुरती सावरलेली नाही.

मी लाकडाची एक जुनी फळी आहे. माझ्या पाठीवर पिवळ्या रंगात दोन पावले काढलेली आहेत. एका कायरोप्रॅक्टरच्या तपासणीखोलीत, खिडकीसमोर, मी गेली अकरा वर्षे पडून आहे. कायरोप्रॅक्टर म्हणजे पाठीचा कणा हातांनी तपासणारी आणि जिथे मणके अडल्यासारखे वाटतात तिथे नेमका दाब देऊन ते मोकळे करणारी व्यक्ती. आमच्या कायरोप्रॅक्टर मध्यमवयीन आहेत. हात हलका, अक्षर बारीक. येणारे सगळे त्यांना 'डॉक्टर' म्हणतात. पुढच्या खोलीत लोकांच्या वेळा नोंदवणाऱ्या मावशी तेवढ्या 'बाई' म्हणतात. मीही मनातल्या मनात बाईच म्हणते.

माझा जन्म एका सुताराच्या दुकानात झाला. त्याने माझ्यासाठी एका मोडक्या दाराचे लाकूड निवडले. "नवं लाकूड अंग बदलतं. याला काय बदलायचं ते बदलून झालंय," असे तो म्हणाला. त्याने मला रंधा मारला, माझ्या तळाशी दोन लांब पट्ट्या बसवल्या, एक डाव्या पावलाच्या खाली आणि एक उजव्या. मी फरशीवर घसरू नये म्हणून दोन्ही पट्ट्यांना तीन मिलिमीटर जाडीचे रबर चिकटवले. पावलांचा आकार काढायला दुसरे कोणी नव्हते, म्हणून तो स्वतःच चपला काढून माझ्यावर उभा राहिला आणि वाकून आपल्याच पायांभोवती पेन्सिल फिरवू लागला. उजवा पाय निम्मा झाला आणि त्याची कंबर धरली.

"डॉक्टर, अडकलो! आता मी असाच राहणार का?"

मला न्यायला आलेल्या बाईंनी त्याला तिथेच, लाकडाच्या भुश्शात, पालथे झोपवले आणि मोकळे केले. माझ्या उजव्या पावलाची रेघ अजून थरथरती आहे ती त्यामुळे. मला रंग लागायच्या आधीच पहिला रुग्ण मिळाला होता!

मी निघताना त्याने माझ्यावर पाणसळ ठेवली. पाणसळ म्हणजे काचेच्या नळीत बुडबुडा असलेली पट्टी. जागा सपाट असेल तर बुडबुडा मधोमध थांबतो, नसेल तर उंच बाजूकडे पळतो. माझा बुडबुडा मधोमध थांबला. "हिला फक्त सपाट ठेवा. बाकी ती बघून घेईल," असे सुतार म्हणाला. बाईंनी मान डोलावली. त्यानंतर दहा वर्षे माझ्यावर कोणी पाणसळ ठेवली नाही.

माझे काम साधे होते. आलेला माणूस बूट काढून माझ्या पिवळ्या पावलांवर उभा राही. बाई त्याच्या मागे गुडघ्यांवर बसत, त्याच्या कमरेच्या दोन्ही हाडांवर एकेक हात ठेवत आणि डोळे हातांच्या उंचीला आणून बघत. एक हात खाली दिसला, तर त्या बाजूच्या पावलाखाली एक मिलिमीटर जाडीचा पत्रा सरकवत. मग दुसरा, मग तिसरा. दोन्ही हात एका रेषेत आले की पत्रे मोजायचे. जितके पत्रे, तितका पाय आखूड. फरक पाच मिलिमीटरपेक्षा कमी असेल, तर बाई त्याकडे दुर्लक्ष करत. त्याहून जास्त असेल, तर बाटलीच्या तोंडाला लावतात तसल्या मऊ बुचाच्या मोठ्या तुकड्यातून तेवढ्या जाडीची टाच कापून देत. ती बुटाच्या आत घालायची. प्रत्येक टाचेवर त्या पेनाने जाडी लिहीत.

पण ही टाच शेवटची. त्याआधी प्रश्नांची फैर. काम काय करता? पिशवी कोणत्या खांद्यावर घेता? झोपताना उशी केवढी? एकदा एक ट्रकचालक वैतागून म्हणाला, "डॉक्टर, पाठ दुखतीय हो, लग्न जुळवायला नाही आलो." बाई हसल्या, पण पुढचा प्रश्न विचारायचा तो विचारलाच. "दोन पाठी सारख्या नसतात," हे त्यांचे पालुपद होते. प्रत्येक पाठीला वेगळे कार्ड, वेगळा व्यायाम, वेगळा दाब. कार्डांची लाकडी पेटी माझ्या शेजारीच असे. त्या पेटीचा मला अभिमान वाटे. यातल्या प्रत्येक कार्डाची सुरुवात माझ्यापासून होते, असे मी स्वतःला सांगत असे.

दहाव्या वर्षी माझ्या डाव्या पट्टीचे रबर सुटले. आधी एक टोक, मग अर्धे. माणूस उभा राहिला की मी 'टक्' वाजायची आणि डुगडुगायची. एके सकाळी एक भारदस्त आजोबा माझ्यावर चढले, मी डुगडुगले आणि त्यांनी खिडकीचा पडदाच पकडला.

"अहो, मी पडून कंबर मोडावी म्हणून ही सोय केलीय का?"

बाहेर सहा जण खोळंबले होते. बाई खाली बसल्या, सुटलेले रबर ओढून काढले, टेबलावर पडलेल्या बुचाच्या दोन टाचा घेतल्या आणि माझ्या डाव्या पट्टीखाली सरकवल्या, एक पुढे, एक मागे. मी गच्च बसले. आवाज बंद, डुगडुग बंद. आजोबांनी पाय आपटून पाहिले. "आता कशी शहाण्यासारखी उभी राहिली!"

मला फार बरे वाटले, मित्रांनो. इतरांना मिळते तसे मलाही औषध मिळाले असे वाटले. पण निघालेले रबर तीन मिलिमीटरचे होते आणि आलेले बूच नऊ मिलिमीटरचे. माणसाला मोजल्याशिवाय कधी टाच न देणाऱ्या बाईंनी मला न मोजता टाच दिली होती. माझी डावी बाजू सहा मिलिमीटरने वर गेली. हे गणित तुम्हाला आत्ता दोन ओळींत कळले. आम्हाला पाच महिने कळले नाही.

डावा पाय उंचावर ठेवला की कमरेचे डावे हाड वर जाते आणि उजवे खाली दिसते. बाई उजव्या पावलाखाली पत्रे सरकवू लागल्या. सहा. पुढच्या माणसाला सहा. त्याच्या पुढच्याला सात. मग पुन्हा सहा. बूच भराभर संपू लागले.

"बाई, अख्ख्या वस्तीचा उजवा पाय झिजला की काय?" बूच मागवताना मावशींनी विचारले.

त्या हसल्या. बाईही हसल्या. खोलीतले सगळ्यात शहाणे वाक्य विनोद म्हणून निघून गेले.

बाईंना काही खटकलेच नाही असे समजू नका. त्यांना खटकले होते. पण हुशार माणसाला काही खटकले की तो त्याचे कारण शोधतो, आणि कारण तर्काला धरून असले की खटकणे बंद होते. बाईंनी कारण शोधले. या भागातले बरेच लोक बसताना उजव्या पायावर डावा पाय टाकतात, असे त्यांच्या लक्षात आले होते. त्यावरून त्यांनी एक तक्ता तयार केला. वर ठळक अक्षरांत लिहिले, 'आमच्या भागातील उजव्या पायाचा आखूडपणा'. पुढच्या महिन्यात त्यांच्या व्यवसायातल्या लोकांची सभा होती. तिथे तो दाखवायचा होता.

सगळ्यात भयंकर गोष्ट पुढे आहे. टाच दिल्यावर बाई त्या माणसाला बूट घालून पुन्हा माझ्यावर उभे करत. उजव्या बुटात सहा मिलिमीटर बूच, डाव्या पायाखाली सहा मिलिमीटर उंच मी. कंबर अगदी सरळ! "बघा, आली रेषेत," बाई म्हणत. माणूस खूश होऊन बाहेर पडे आणि सपाट रस्त्यावर पहिले पाऊल टाकताच तिरका होई. माझी चूक बरोबर आहे अशी साक्ष मीच देत होते.

अशात भिंगरी आली.

तिचे खरे नाव कार्डावर आहे, पण तिचा मामा तिला भिंगरीच म्हणे. वय बारा. एका जागी उभे राहणे तिला जमतच नसे. माझ्यावरही ती टाचा वर-खाली करत राही. तिला आठशे मीटर धावायचे होते. दोन महिन्यांनी जिल्ह्याच्या संघाची निवड होती. शाळेचे दप्तर जड, म्हणून पाठ थोडी आखडली होती, एवढेच.

"सहा," बाईंनी पत्रे मोजून सांगितले.

"म्हणजे मी लंगडी?"

"छे गं! पुष्कळ लोकांचे पाय असे कमीजास्त असतात. ही टाच घाल, म्हणजे अजून जोरात पळशील."

ती टाच तिने दोन्ही हातांत धरून पाहिली, जणू बक्षीस मिळाले होते. पुढच्या खेपेला ती आली तेव्हा तिच्या उजव्या कुल्ह्यात दुखत होते. बाईंनी तिला बूट घालून माझ्यावर उभे केले. कंबर रेषेत. "अंगाला सवय व्हायला वेळ लागतो," बाई म्हणाल्या. तिसऱ्या खेपेला ती पायऱ्या चढताना कठडा धरत होती. बाईंनी पुन्हा मोजले, पुन्हा रेषेत. त्या कार्डावरचे आकडे पुन्हा वाचून म्हणाल्या, "या दुखण्यावर पळणं बरं नाही, बाळा. ही निवड सोडून दे."

"पण ती रविवारी आहे!"

"म्हणूनच सांगतेय."

त्या दिवशी पहिल्यांदा भिंगरी माझ्यावर हलली नाही. दोन्ही टाचा टेकवून, खाली बघत, नुसती उभी राहिली.

निवड झाली. भिंगरी कुंपणाबाहेरून बघत होती, असे मामाने नंतर सांगितले. दोन दिवसांनी, मंगळवारी, दोघे आले. मामा फरशी बसवण्याचे काम करतो. तो कामावरून थेट आला होता, हातात अवजारांची पिशवी आणि पँटवर सिमेंट. भिंगरी गाल फुगवून माझ्या शेजारी जमिनीवर बसली आणि बुटाची नाडी सोडू लागली. तिच्या केसांच्या रबराचा एक गोल मणी तुटून हातात आला होता. तो तिने माझ्या डाव्या पावलावर ठेवला.

मणी घरंगळत उजवीकडे गेला आणि फरशीवर पडला.

तिने तो उचलून परत ठेवला. परत तेच. तिसऱ्यांदा तिने त्याला बोटाने थोपवून धरले आणि हळूच सोडले.

"मामा, हे बघ. हा एकाच बाजूला पळतो."

मामाने वाकून एक डोळा मिटला. सगळे आयुष्य ज्याने फरश्यांचा उतार पाहण्यात घालवले, त्याला एक डोळा पुरतो. त्याने पिशवीतून पाणसळ काढून माझ्यावर आडवी ठेवली. दहा वर्षांनी पुन्हा तो थंड स्पर्श! मी वाट पाहू लागले की आता बुडबुडा मधोमध थांबेल आणि सगळे माझी वाहवा करतील.

बुडबुडा डावीकडे पळाला आणि काचेच्या टोकाला जाऊन बसला.

मित्रांनो, त्या क्षणी मला कोणी मधोमध चिरले असते तरी इतके लागले नसते. मी? मी वाकडी? जिच्यावरून सगळ्यांचा सरळपणा ठरतो ती?

"डॉक्टर," मामा म्हणाला, "या फळीला उतार आहे. बाथरूमला देतात तसा."

बाई पुढच्या खोलीतून धावत आल्या. आधी पाणसळीकडे पाहिले, मग मामाकडे. "तुमची पाणसळ बरोबर आहे ना?"

मामाने ती उचलून, उलट फिरवून परत ठेवली. बुडबुडा पुन्हा डावीकडेच. तेव्हा बाई गुडघ्यांवर बसल्या, माझी डावी कड उचलली, खाली हात घातला आणि बुचाचा एक चपटा तुकडा बाहेर काढला. त्यावर पेनाने आकडा लिहिला होता, नऊ. अक्षर बारीक आणि ओळखीचे होते.

बाईंचा चेहरा फरशीसारखा पांढरा पडला.

"म्हणजे माझा पाय आखूड नव्हताच?" भिंगरीने विचारले.

बाईंनी मला भिंतीला टेकवून उभे केले, सपाट फरशीवर भिंगरीला उभे केले आणि तिच्या कमरेवर हात ठेवले. एकही पत्रा लागला नाही.

"नव्हता," त्या म्हणाल्या.

"म्हणजे पोरीची निवड या बुचाने खाल्ली?" मामाचा आवाज चढला. "आम्ही हिला रागवत होतो, डॉक्टर! टाच नीट घालत नसशील म्हणून!"

"बुचाने नाही, मी खाल्ली," बाई म्हणाल्या. "दोनदा दुखतंय म्हणून सांगितलंस तू, बाळा. मी तुझं ऐकायच्या ऐवजी फळीचं ऐकलं. माझं चुकलं."

 भिंगरीने उजव्या बुटातून आपली टाच काढली आणि माझ्या समोर फरशीवर ठेवली.

"ही हिलाच द्या. आणि इथून पुढे आधी हिला मोजा, मग माणसांना."

ते दोघे गेल्यावर मावशी दारात आल्या. त्यांनी सगळे ऐकले होते. "बाई, ते बूच टाका कचऱ्यात आणि गप्प बसा. कुणाला कळतंय? हळूहळू एकेकाची टाच कमी करा, म्हणावं सुधारणा झाली."

खोटे कशाला सांगू? त्या क्षणी मलाही तेच हवे होते. भिंतीला टेकून मी पेटीकडे बघत होते. बाईंनी पेटी उघडली आणि गेल्या पाच महिन्यांतली कार्डे काढून जमिनीवर मांडली. सेहेचाळीस. त्यांतून अडतीस वेगळी झाली. 'दोन पाठी सारख्या नसतात' म्हणणाऱ्या बाईंच्या हाताखाली अडतीस पाठी सारख्या लिहिल्या गेल्या होत्या.

उरलेल्या आठांत एका न्हाव्याचे कार्ड होते. दिवसभर उभे राहून त्याची पाठ भरून येई. माझ्यावर तो अगदी सरळ निघाला होता, म्हणून त्याला काहीच न देता परत पाठवले होते. बाईंनी ते कार्ड दोनदा वाचले आणि कपाळाला हात लावला. माझ्यावर जो सरळ दिसला, त्याचा डावा पाय खरोखर सहा मिलिमीटर आखूड असणार! टाच नको असलेल्या अडतीस जणांना ती मिळाली आणि हवी असलेला एकटा हात हलवत घरी गेला.

"मावशी, फोन आणा इकडे," बाई म्हणाल्या.

दोन दिवस त्या फोन करत होत्या. प्रत्येक वेळी तेच वाक्य, "चूक माझी आहे, टाच आजच काढा आणि मला परत तपासू द्या." काही जण चिडले. एकीला फोनवरच रडू आले. तीन जण पुन्हा कधी आले नाहीत. ट्रकचालक मात्र म्हणाला, "तरीच! मला वाटलं, माझा ट्रकच एका बाजूला कलतोय. गॅरेजवाल्याशी भांडून आलो मी!" न्हावी आला, सपाट फरशीवर मोजला गेला आणि पहिल्यांदा आपली टाच घेऊन गेला.

सभेला बाई गेल्या. तक्ता तोच नेला, आकडेही तेच. फक्त शीर्षक खोडून वर लिहिले, 'आमच्या फळीचा उजवा पाय'.

सुताराने मला नवे रबर लावून दिले. दोन्ही बाजूंना, तीन मिलिमीटर. कार्डांच्या पेटीत आता एक कार्ड माझे आहे. त्यावर लिहिले आहे, 'फळी. वय अकरा. तक्रार: स्वतःची काही नाही.' खाली दर सोमवारची तारीख आणि बुडबुडा कुठे थांबला त्याची नोंद. तक्रारीचे ते वाक्य मला बोचते. तक्रार नसणे म्हणजे बरे असणे नव्हे, हे माझ्याइतके कोणाला माहीत आहे?

भिंगरी वर्षभर आली नाही. तिचा कुल्हा दोन महिन्यांत बरा झाला, एवढे मामाकडून कळले. काल दार उघडले आणि ती आत आली. चार बोटे उंच झाली आहे. उद्या यंदाची निवड आहे. दुखत काहीच नाही, नुसते मोजून घ्यायचे आहे, असे ती म्हणाली.

बाईंनी हाताने माझ्याकडे खूण केली. भिंगरी तिथेच उभी राहिली. तिने हात पुढे केला.

"पाणसळ?"

बाईंनी खिशातून काढून दिली. हल्ली ती त्यांच्या खिशातच असते. भिंगरीने ती माझ्यावर आडवी ठेवली, मग उलट फिरवून पाहिली. गुडघे टेकून, एक डोळा मिटून, अगदी मामासारखी. बाई तिच्या मागे हात जोडून उभ्या होत्या, तपासून घेणाऱ्यासारख्या.

मित्रांनो, तुमच्याकडेही माझ्यासारखे कोणी असेल. घरातला वजनकाटा, भिंतीवरचे घड्याळ, शाळेतली पट्टी. आम्ही गप्प असतो म्हणून आम्हाला बरोबर समजू नका. अधूनमधून आम्हालाही तपासा. आणि एखादे माणूस 'दुखतंय' म्हणाले आणि आम्ही 'सगळे ठीक आहे' म्हणालो, तर आधी त्या माणसाचे ऐका.

बुडबुडा थोडा थरथरला आणि मधोमध थांबला. भिंगरीने मान हलवली, मोजे काढले आणि सुताराच्या त्या मोठ्या पिवळ्या पावलांवर आपले दोन्ही पाय ठेवले. तिच्या टाचा वर-खाली होत होत्या.